गाडीला लागलेली दृष्ट

वडिलांनी मोटारसायकल आणली तेव्हा आई तिच्याकडे सवत आल्यासारखी बघत होती. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. गंगापूर रोडच्या पुढे आमचा गुलाबाचा आणि झेंडूचा मळा होता. तोवर वडील पहाटे सायकलला दोन्ही बाजूंनी पाट्या बांधून फुलं बाजारात न्यायचे. गाडी जुनीच होती, दुसऱ्या कुणीतरी मनसोक्त वापरलेली. पण वडील तिच्यावर असे बसायचे, की वाटावं वरात निघालीय. एरवी फार भिडस्त माणूस. मोठ्या काकांपुढे मान वर करून बोलायचे नाहीत. पण गाडीवर बसले की पाठ ताठ व्हायची आणि चक्क शीळ वाजायची. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते आणि मला ती शीळ फार आवडायची.

आईला मात्र धास्ती. सायकलवरून पडलेला माणूस कपडे झटकून घरी येतो, मोटारसायकलचं काय सांगावं, असं तिचं म्हणणं. म्हणून रोज वडील निघण्याआधी ती ताट घेऊन अंगणात यायची आणि गाडीला हळदकुंकू लावायची. आधी हेडलाइटवर लावायची. पण वाऱ्याने ते उडायचं आणि वडील बाजारात पोचेपर्यंत त्यांचा पांढरा शर्ट रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसायचा. आई काही कमी डोक्याची नव्हती. तिने जागा बदलली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर लावायला लागली, तेही तेलात कालवून, दोन अक्षता चिकटवून. ते हललं नाही, उडलं नाही. स्वतःच्या युक्तीवर ती फार खूश होती.

पुढे गाडी वाटेत बंद पडायला लागली. निघताना छान निघायची. थोडं अंतर गेलं की आचके द्यायची आणि गप्प व्हायची. वडील उतरायचे, झाकण उघडून आत डोकवायचे. पेट्रोल असायचं. मग गाडी आडवी करून हलवायची, टाकीत फुंकर मारायची, नळी काढून तोंडाने ओढायची. एकदा घोटभर पेट्रोल तोंडात गेलं, तर आईने दोन दिवस त्यांना स्टोव्हजवळ फिरकू दिलं नाही. या सगळ्यानंतर किक मारली की गाडी चालू. मग मदतीला थांबलेल्यांपैकी ज्याने शेवटचा उपाय केला त्याला मान. हलवणारा म्हणे हलवल्याने झालं, फुंकणारा म्हणे फुंकल्याने. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा कॉक बदलला, प्लग बदलला. त्याच्या दारात गाडी कधीच बंद पडली नाही. दवाखान्यात शिरलं की दाढ दुखायची थांबते ना, तसलं तिचं नाटक.

झाकण तर प्रत्येक जण उघडायचाच, पण त्याला उपाय कोण म्हणणार? डॉक्टर आधी जीभ बाहेर काढायला सांगतो, म्हणून जीभ बाहेर काढल्याने ताप उतरला असं कुणी म्हणत नाही.

घरी आईचं एकच निदान, गाडीला दृष्ट लागली. मग ती मीठमोहऱ्या ओवाळायची आणि झाकणावर कुंकवाचा आणखी एक थर द्यायची. गाडी जास्त बंद पडायची. आई जास्त कुंकू लावायची.

मोठे काका घरातले कर्ते. त्यांनी बरेच दिवस बघितलं आणि दसऱ्याच्या तोंडावर ओट्यावर बसून निकाल दिला. "ही गाडी आपल्याला धार्जिणी नाय. लासलगावला माझ्या वळखीचा एक कांद्याचा व्यापारी हाय, त्याला जुनी गाडी पायजेच हाय. दसऱ्याच्या बाजाराला नीट गेली तर ठेव. वाटेत बंद पडली, तर देऊन टाकू."

"बरं, दादा," वडील म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. मला काकांचा एवढा राग आला, की मी त्यांना ताक वाढताना मीठच घातलं नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

झेंडूचा खरा बाजार दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. त्याच दिवशी अवजारांची पूजा. आईने पहाटे उठून विळे, खुरपी, पंप सगळं पूजलं आणि सगळ्यात शेवटी गाडी. तिथे तर तिने हात आखडता घेतलाच नाही. झाकणावर कुंकवाचा असा लेप बसला, की खालचं लोखंड दिसेना. वडिलांनी आदल्या दिवशीच टाकी काठोकाठ भरून आणली होती, पेट्रोल कमी पडलं असं कुणी म्हणायला नको.

माल फार होता म्हणून भाड्याचा टेम्पो केला होता. पुढे वडील, गाडीला दोन पोती बांधून. मागे टेम्पोत काका ड्रायव्हरशेजारी, आणि आई आणि मी झेंडूच्या पोत्यांवर. त्या दिवशी वडिलांची शीळ ऐकू आली नाही. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावलं होतं.

एका बंद रसवंतीसमोर गाडीने आचके दिले आणि ती थांबली. वडील उतरले. त्यांनी मागे वळून टेम्पोकडे बघितलं नाही. सवयीने टाकीचं झाकण फिरवून काढलं. फुस्स झालं.

आई एकदम पोत्यांवरून खाली उतरली. इतक्या महिन्यांत गाडी बंद पडताना ती कधी जवळ नव्हती. ती तेव्हा घरी गाडीसाठी देवापुढे बसलेली असायची. तो आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

थोरल्या दिरासमोर आई सहसा बोलत नसे. आज पदर सावरला आणि बोलली. "अहो, हा आवाज माझ्या वळखीचा हाय. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अडते. दुसरं पाडलं की अस्संच फुस्स होतं, आत हवा जाती, मंग तेल सुटतं. या झाकणाला कुठं भोक हाय का बघा."

वडिलांनी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूने बारीक भोक होतं. त्यांनी फुंकलं, गाल फुगले, पण हवा जाईना. झाकण सुलटं केलं. वर भोक नव्हतं. वर नुसतं कुंकू होतं.

आईने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि कुंकू कोरायला लागली. लाल खपली निघाली, तिच्यात अडकलेली एक अक्षता निघाली. तिने पिन आत घातली आणि वडिलांनी पुन्हा फुंकलं, तर हवा आरपार गेली. झाकण लावून त्यांनी किक मारली आणि गाडी सुरू झाली. आई आपल्या लाल झालेल्या नखांकडे बघत उभी होती.

मी काकांकडे बघितलं. गाडी वाटेत बंद पडली होती, आणि ठरलं होतं ते ठरलं होतं. काकांनी टेम्पोतूनच मान बाहेर काढली. "गाडी कुठं बंद पडली? ती तर बंद पाडली," ते म्हणाले. "चल, व्हय पुढं. बाजार उठंल." आणि एवढे हसले, की ड्रायव्हरही हसायला लागला. गाडी थेट बाजारात जाऊन थांबली. व्यापाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. काकांना मी संध्याकाळी मीठ घालून ताक दिलं.

दसऱ्याच्या सकाळी उरलेली फुलं घेऊन वडील निघाले. गाडीवर बसले, पण किक मारीनात. आई बाहेर आलीच नव्हती. आत घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

"अगं, ताट कुठंय?" वडिलांनी हाक मारली.

"मी नाय लावणार आता कुंकू." ती भांडं घासतच म्हणाली. "तुम्ही सुखरूप यावं म्हणून लावत व्हते. अन् माझ्याच हातानं तुम्हाला रोज रस्त्यात उभं केलं."

वडील गाडीवरून उतरले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, टोपी काढली आणि तिच्यापुढे मान खाली घातली.

"गाडीला नको लावू. मला लाव," ते म्हणाले. "माझ्या कपाळाला कुठं भोक हाय?"

आईने हात पुसले आणि ताट घेतलं. लावलं ते चांगलं तेलात कालवून, दोन अक्षता चिकटवून. वडील शीळ घालत गेले. बाजारात दिवसभर लोक त्यांना हसत होते म्हणे, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांनी ते पुसलं नव्हतं.