हरिभाऊंची घरबसल्या चौकशी

हरिश्चंद्र नागवेकर हा माणूस नाचणे गावातल्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात राहतो. एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत त्याने कोणाचं भलं केल्याचं मला आठवत नाही. वाईट केलं असं तो स्वतः मानत नाही. तो म्हणतो, मी फक्त चौकशी करतो.

सरकारी कचेरीतून तो हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी, मृणाली, गावातल्या एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. एकतिसावं चालू होतं तिला, आणि तिचं लग्न जमत नव्हतं. जमत नव्हतं असं बाप म्हणायचा. खरं म्हणजे बाप जमू देत नव्हता.

मुलीला स्थळ आलं की मुलाची चौकशी करायची, हे आपल्याकडे सगळेच करतात. ओळखीच्या चार घरांत विचारायचं, गावात एक फेरी मारायची, आणि देवाचं नाव घेऊन पुढे जायचं. त्यात गैर काहीच नाही. हरिश्चंद्राला मात्र त्याचं व्यसन होतं. नात्यातल्या कोणाचंही स्थळ असो, हा पिशवी घेऊन निघायचा. मुलाच्या घरासमोरच्या टपरीवर चार चार तास चहा पीत बसायचा आणि परत येऊन नाक मुरडायचा. सतरा ठिकाणी त्याने असा बिब्बा घातला, आणि हा आकडा तो पदक मिळाल्यासारखा सांगतो.

मी तेव्हा एसटी स्टँडवर रिझर्व्हेशनच्या खिडकीत होते. एके दिवशी हे महाशय रांगेत उभे. नंबर आल्यावर खिडकीत तोंड घालून म्हणतात, "वयनी, हातखंब्याचा एक पोरगा दर शनवारी कोल्हापूरला जातो. बाजूच्या सीटवर कोण बसतंय, जरा बगून सांगा."

"तिकीट काढायचंय का?" मी विचारलं.

"नाय."

"मग बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. लाजला मात्र नाही. लाज त्याच्याकडे कधी मुक्कामाला आलीच नसावी.

मग गुडघे कुरकुरायला लागले, फिरणं कमी झालं, आणि मला वाटलं सुटले लोक. कसले सुटतात! मृणालीचं लिंक्डइनवर खातं होतं, पुण्यात नोकरी मिळते का ते बघायला. तिच्या खांद्यावरून हा बघत होता. मुलगा कुठल्या कंपनीत, वरचा साहेब कोण, आधीची नोकरी कधी सोडली, सगळं नावानिशी, फोटोसकट. वर त्या साहेबाला खाजगी मेसेज पाठवायची सोय. हरिश्चंद्राने त्याच संध्याकाळी मुलीकडून स्वतःचं खातं उघडून घेतलं. स्वतःला लावून घेतलेलं पद 'वरिष्ठ सल्लागार, प्रशासन व मनुष्यबळ'. फोटो निवृत्तीच्या समारंभातला, गळ्यात हार असलेला.

लोकांना वाटायचं कोणी मोठा माणूस आहे, काही कामाचं असेल. ते ओळख स्वीकारायचे, आणि मग त्यांना मेसेज जायचा. कसा, तर कचेरीतल्या पत्रासारखा. 'महोदय, विषय: चि. अमुक यांचे वर्तनाबाबत माहिती मिळणेबाबत.' खाली क्रमांक घालून प्रश्न. मद्यपान करतात काय? असल्यास किती? कार्यालयातील स्त्री-कर्मचाऱ्यांशी संबंध कसे आहेत? हे सगळं परक्या माणसाला, भर कामाच्या वेळी. एक मुलगा जहाजावर होता, तर याने त्याच्या कॅप्टनला लिहिलं. दोन महिन्यांनी जहाज बंदराला लागल्यावर कॅप्टनचं उत्तर आलं, "आपण कोण?" हरिश्चंद्राने शेरा मारला: माहिती देण्यास टाळाटाळ, सबब संशयास्पद. ते स्थळ गेलं.

अशी मृणालीची अकरा स्थळं गेली. काही याने मोडली. काहींनी मेसेजचा बोभाटा झाल्यावर आपणहून हात जोडले. ती माझ्याकडे येऊन बसायची, कोकम सरबत प्यायची, आणि बापाबद्दल एक वावगा शब्द बोलायची नाही. मलाच तिचा राग यायचा.

बारावा अजिंक्य. राजापूरचा मुलगा, पुण्यात बांधकाम कंपनीत इंजिनिअर. हे स्थळ कोणी आणलेलं नव्हतं. एका इमारतीच्या नकाशावरून दोघांचं आधी भांडण झालं, मग बोलणं, आणि दोन वर्षांनी त्यांनी ठरवलं. मृणालीने मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा मी पहिल्यांदा असा उजळलेला पाहिला. "काकी, हे नाही झालं तर मी दुसरं करणारच नाही," ती म्हणाली. मग भाबडेपणाने तिने बापालाही सांगितलं. मुलगा त्यांच्यातलाच, चांगल्या घरचा, तेव्हा बाप खूश होईल असं तिला वाटलं.

बाप खूश झालाच. त्याला काम मिळालं.

आठवड्याभरात अजिंक्यने मृणालीला एक स्क्रीनशॉट पाठवला. त्याची साहेब, वेदिका मॅडम, हिने त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, "हे तुझ्या घरचे आहेत का?" मृणालीने फोन माझ्या हातात दिला. नेहमीचे प्रश्न होतेच. खाली आणखी लिहिलं होतं: 'मुलीचे वय वाढलेले असून यापूर्वी अकरा स्थळे फिसकटली आहेत, वर्ण सावळा आहे, सबब उत्तर त्वरित अपेक्षित.' स्वतःच्या पोटच्या मुलीबद्दल, होणाऱ्या नवऱ्याच्या साहेबाला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मृणाली रडली नाही. तिने फोन परत घेतला आणि घरी जाऊन बापाला विचारलं. दारं उघडीच असतात आमच्याकडे, मला सगळं ऐकू आलं.

"खाजगी मेसेज हाय तो," हरिश्चंद्र म्हणाला. "दोघांतलाच. कोणाला कळणार हाय?"

"बाबा, मला कळलं. त्याला कळलं."

"म्हंजे त्या बाईच्या पोटात काय ऱ्हात नाय. आनि उत्तर तरी काय दिलान? म्हणे कामात चोख हाय, बाकीचं माझ्या अखत्यारीत नाय. बाकीचं का टाळलान? कायतरी हाय तिथं. मी शोधून काढतो."

"आणि नाही सापडलं तर?"

"सापडतां. शोधलं की सापडतांच."

त्या दिवसानंतर मृणालीने बापाशी वाद घातला नाही की विनवणी केली नाही. तिने आणि अजिंक्यने विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्नाचा अर्ज भरला. या कायद्याने नोटीस लागते. वधूचं नाव, वराचं नाव, पत्ते, सगळं कचेरीच्या फलकावर, तीस दिवस, कोणाची हरकत असेल तर त्याने येऊन सांगावं म्हणून. ज्या आवारात हरिश्चंद्राने अख्खी नोकरी काढली, त्याच आवारातला तो फलक. रिक्षाने दहा मिनिटं. तीस दिवस त्याच्या मुलीचं नाव तिथे उघड्यावर होतं आणि हा गृहस्थ खुर्चीत बसून पुण्यातल्या आठ जणांना खाजगी मेसेज करून विचारत होता की अजिंक्यचं बाहेर कुठे काही आहे का. मला रोज हसू यायचं आणि रोज भीतीही वाटायची, की कोणी जुना शिपाई याला फोन करील. कोणी केला नाही. त्याची आठवण ठेवण्याइतकी माया त्याने तिथेही कोणाला लावलेली नव्हती.

एकतिसाव्या दिवसानंतरच्या सोमवारी लग्न झालं. तीन साक्षीदारांत एक मी. मृणालीने आईची हिरवी साडी नेसली होती. सही करताना नाव तिने ठसठशीत लिहिलं. दोघं तिथूनच बापाच्या पाया पडायला आली. त्याने दार उघडलं, हार बघितले, आणि लावून घेतलं. बंद दारासमोर ती दोघं थोडा वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे चहा घेऊन पुण्याच्या गाडीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्र माझ्या दारात. दाढी वाढलेली, गंजीफ्रॉकवरच आलेला. मला वाटलं, आता हा माणूस रडणार, आणि मला याची कीव करावी लागणार. पण तेही माझं चुकलं.

"वयनी, तुमी सही केलात म्हणे."

"केली."

"मुलगा कसा हाय?"

"चांगला आहे. मृणाली म्हणते, तिचं बोलणं तो पुरं होऊ देतो. मध्ये तोडत नाही."

"ती काय सांगणार!" त्याने माशी हाकलावी तसा हात केला. "तिला काय कळतंय! लोकं काय बोलतात, ता सांगा."

बारा मुलांसाठी या माणसाने पुण्यापासून जहाजाच्या कॅप्टनपर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. मुलीला, तुला कोण हवा, हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि ती निघून गेल्यावरही ते त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. कीव आली होती तीही गेली.

"लोक म्हणतात मुलगा चांगला आहे," मी म्हटलं. "फक्त सासऱ्याला लांब ठेवा म्हणतात."

त्याचे डोळे एकदम बारीक झाले. "कोण बोललां? नाव सांगा. खंयच्या हाफिसात?"

"तुमची मुलगी बोलली," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.