शेवटच्या रांगेतला चंद्रभान

अकोल्यात कोण गेलं हे पेपरवाल्यांच्या आधी सहदेव फूलवाल्याला कळायचं. तिरडीवरचा हार त्याच्याकडचा आणि सत्काराचा बुकेही त्याच्याकडचाच. दुकानात त्याचं तोंड दिवसभर बंद नसे. एखादं गिऱ्हाईक शेवंती महाग म्हणालं की हा त्याला शेवंतीचा जन्मापासूनचा इतिहास ऐकवी. पण तीच माणसं समोर खुर्च्या मांडून बसली आणि कुणी "सहदेवभाऊ, दोन शब्द बोला" म्हटलं, की याची जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा.

ती पहिल्यांदा चिकटली वडिलांच्या वेळी. आपल्या वऱ्हाडात चितेला अग्नी दिल्यावर माणसं लगेच घरची वाट धरत नाहीत. स्मशानातल्या टिनाच्या शेडखाली जमतात, शोकसभा होते आणि गेलेल्याला ओळखणाऱ्यांपेक्षा न ओळखणारेच जास्त बोलतात. बार्शीटाकळीजवळच्या आपल्या लहानशा गावात सहदेवचा बाप मोतीराम गेला तेव्हा पंचायत समितीचे एक माजी सदस्य उठले. स्वर्गवासी मोतीरामजी हे संत्र्याचे प्रगतिशील बागायतदार आणि कट्टर निर्व्यसनी होते, असं ठोकून मोकळे झाले. मोतीरामनं जन्मभर फुलं लावली, संत्र्याचं एक झाड लावलं नाही. आणि तंबाखूची पुडी तर तिरडीवर ठेवताना त्याच्या खिशातून काढावी लागली होती.

थोरल्या भावानं, चंद्रभाननं, सहदेवला कोपरानं ढोसलं. "ऊठ, तू बोल. शहरात राह्यतं तू."

सहदेव उठला, हात जोडले, ओठ हलवले आणि तसाच खाली बसला. चंद्रभान रागावला नाही. रागावला असता तर सहदेवला जरा बरं वाटलं असतं.

पुढे चंद्रभानच्याच किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तो रक्त धुऊन घ्यायला अकोल्याला येई आणि मग अंगात त्राण येईपर्यंत भावाच्या दुकानात स्टुलावर बसून राही. हात मात्र गप्प नसत, झेंडूची फुलं ओवत राहत. अशाच एका दुपारी दोऱ्याला गाठ मारत तो म्हणाला, "माह्या वक्ती तू बोलजो, सहदेव. नाई तं तो संत्रेवाला येईन."

"काहून असं बोलून राह्यला, भाऊ?"

"सांगून ठेवलेलं बरं."

सहदेवनं विषय उडवून लावला खरा, पण ते त्याच्या मनात घर करून बसलं. दर रविवारी तो एका भाषण मंडळाला बुके पोचवायचा. त्यानंतरच्या रविवारी बुके देऊन तो परत फिरलाच नाही, दारातच घुटमळला. मंडळाचे अध्यक्ष वामनराव, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना नवा सभासद सापडला की लेकीला स्थळ सापडल्यासारखा आनंद होई. त्यांनी त्याला हाताला धरून आत बसवलं.

मंडळ भरायचं एका कोचिंग क्लासच्या वर्गात. विमा एजंट, मुलाखतीची तयारी करणारी पोरं, एक दंतवैद्य बाई असे पंधरावीस जण. प्रत्येकानं उठून बोलायचं. वेळ संपत आली की पिवळं कार्ड, संपली की लाल. कुणी किती वेळा 'म्हणजे' म्हणालं हे मोजायलासुद्धा एक माणूस नेमलेला. आणि टाळ्या तर विचारू नका, तिथं कुणी शिंकलं तरी टाळ्या पडतील. सहदेवनं पहिल्या रविवारी आपलं नाव आणि गाव सांगितलं, घामानं भिजला आणि बसला. त्यालाही टाळ्या मिळाल्या. बिचाऱ्याला त्या खऱ्या वाटल्या.

पण शिकला. उन्हाळा सरेपर्यंत तो उभा राहून बोलू लागला, हातही हलवू लागला. चंद्रभानवरचं भाषण त्यानं हार गुंफता गुंफता मनातल्या मनात बांधलं. ते तयार झाल्याचं कळलं तेव्हा चंद्रभान म्हणाला, "मेल्यावर मले काय ऐकू येते? आत्ताच ऐकव."

म्हणून शनिवारी डायलिसिस झाल्यावर तो भावाकडेच मुक्कामाला राहिला आणि रविवारी वर्गातल्या शेवटच्या रांगेत येऊन बसला. दोन्ही पाय सुजलेले, डोक्यावर टोपी. बुकेवाल्याबरोबर आलेला कुणी खेड्यातला माणूस, एवढीच लोकांनी त्याची दखल घेतली.

सहदेव उभा राहिला. "माझा भाऊ चंद्रभान फुलं पिकवत होता," त्यानं सुरुवात केली. "मी शहरात दुकान टाकलं ते त्याच्या जिवावर. पहाटे उठून तो फुलं तोडायचा, ओल्या फडक्यात बांधायचा आणि पहिल्या एसटीत स्वतः ठेवायचा. एक दिवस खाडा नाही. त्याच्या लेकीचं, मोनालीचं लग्न होतं त्या दिवशी मी म्हटलं, आज काही माल येत नाही. पण गाठोडं आलं. फडक्यावर हळदीची बोटं उमटलेली होती. मुलीला हळद लावून हा माणूस तसाच वावरात गेला होता. मी ते फडकं अजून धुतलेलं नाही. असा माझा भाऊ होता. मी त्याला हे कधी सांगितलं नाही."

लाल कार्ड दाखवायचं कुणाला सुचलं नाही. दंतवैद्य बाई डोळे पुसत होत्या. वामनराव उठले आणि म्हणाले, "आपले बंधू गेल्याचं आम्हाला माहीत नव्हतं, सहदेवराव. आपण सगळे एक मिनिट स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, माना खाली गेल्या.

खरं तर सहदेवनं एकच वाक्य बोलायचं होतं. माझा भाऊ जिवंत आहे, तो मागं बसला आहे. लहान पोरालाही जमेल असं वाक्य. पण आता ते बोलायचं म्हणजे जित्या माणसासाठी या साऱ्यांना रडवलं हे कबूल करणं आलं, आणि समोर तर वीस माणसं हात बांधून उभी. त्याची जीभ जुन्या जागी जाऊन चिकटली. त्यानं मागं पाहिलं.

चंद्रभान पुढच्या खुर्चीचा आधार घेत उभा राहत होता. सगळे उभे राहिले म्हणून तोही राहिला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली. मग सहदेवकडे पाहून किंचित मान हलवली, राहू दे अशा अर्थानं, आणि त्यानंही मान खाली घातली.

निघताना वामनरावांनी दारात चंद्रभानला हात जोडले. "आपण कोण?"

सहदेव शेजारीच होता. त्याच्याकडून काही येत नाही असं दिसल्यावर चंद्रभानच म्हणाला, "गाववाला हाय मी. ओयखत होतो त्याले."

"चांगला माणूस होता म्हणायचा."

"असंन."

दोघं बसस्टँडच्या ऑटोत बसले. मग चंद्रभान म्हणाला, "चांगलं बोलला तू. ते फडकं धुऊन टाक आता." सहदेवला बोलायचं होतं, माफी मागायची होती. तेवढ्यात बसस्टँड आलं. भाऊ उतरला आणि एकेक पाय उचलत बसकडे निघाला.

त्यानंतर सहदेव मंडळात गेला नाही. बुके दुकानातल्या पोरीच्या हाती पाठवी. चंद्रभान दुकानात येत राहिला, हार ओवत राहिला. त्या रविवारचा विषय त्यानं काढला नाही आणि सहदेवला तर तो काढायची हिंमतच झाली नाही. रोज वाटे, उद्या बोलू. दिवाळीच्या तोंडावर, वावरात झेंडू ऐन भरात असताना, चंद्रभान गेला.

त्याचा हार सहदेवनं स्वतः केला. गावातल्या त्याच शेडखाली माणसं जमली. शोकसभा चालवणाऱ्या सूर्यभान गुरुजींनी पहिलं नाव सहदेवचंच पुकारलं. तो उठला. भाषण शब्दन् शब्द पाठ होतं.

"माझा भाऊ चंद्रभान," तो म्हणाला.

पुढचा शब्द 'होता'. तो त्यानं एकदा वापरला होता, भाऊ समोर बसून ऐकत असताना. आज त्याची खरी गरज पडली तर तो तोंडातून बाहेर येईना. लोकांनी वाट पाहिली. मागून कुणी तरी खाकरलं. सहदेवनं हात जोडले आणि तो बसला.

मग माजी सदस्य उठले. आता पार म्हातारे झाले होते, पण आवाज खणखणीत होता. स्वर्गवासी चंद्रभानजींनी वडिलांचा संत्र्याच्या बागेचा वारसा समर्थपणे पुढे नेला, असं त्यांनी सांगितलं. कुणी हसलं नाही. या बोलण्यावर हसणारा एकच माणूस होता, आणि त्याची चिता समोर जळत होती.

शेवटी दोन मिनिटांसाठी सगळे उभे राहिले. साऱ्यांच्या माना खाली होत्या. एकटा सहदेव मागं वळून शेवटच्या रांगेत पाहत होता. तिथं गावातली माणसं हात बांधून उभी होती. त्यातल्या कुणीही त्याच्याकडे पाहून मान हलवली नाही.