परवाशेठांच्या बहिणीचं गाव

आमच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यांना आम्ही सगळे परवाशेठ म्हणतो. शर्ट द्या, चादर द्या, उत्तर ठरलेलं: परवा मिळेल. काम खरं तर त्याच दिवशी होतं. पण वायदा लांबचा करायचा आणि कपडे आधी द्यायचे, म्हणजे गिऱ्हाईक खूश, हे त्यांचं धंद्यातलं गणित.

तेच गणित त्यांनी थोरल्या बहिणीशीही चालवलं. ताई शेजारच्या देशात दिलेल्या. मधे सरहद्द आहे म्हणून परदेश म्हणायचं, नाहीतर नकाशावर दोन्ही शहरं एका बोटाखाली झाकली जातात. तरुणपणी परवाशेठ एकदा बसनं गेले होते, तेव्हा नाक्यावरच्या रांगेतच रात्र गेली. पुढे विमान सुरू झालं, तरी हे ती रांगच सांगत राहिले. त्यात विमानतळावरचं ताटकळणं, तपासणी, सगळं धरून दोन दिवस मोडतात, दुकान कुणाच्या जिवावर टाकू? आम्हीही माना डोलवायचो. ताईंना तर ते खरंच वाटायचं.

गेल्या वर्षी ताईंचे यजमान गेले. सकाळीच फोन आला. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, असं सांगून परवाशेठांनी फोन ठेवला आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. आम्ही हळहळलो, अंतरच तेवढं, काय करणार.

मागच्या महिन्यात मी ह्यांचा कोट आणायला गेले, तर दुकानात स्टुलावर पांढऱ्या केसांच्या एक बाई बसलेल्या, पायाशी बॅग. न कळवता, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून आलेल्या ताई. मलाच कौतुकानं सांगू लागल्या. जेमतेम सव्वा तास. आपण चुकून मधेच कुठे उतरलो की काय, म्हणून त्यांनी शेजारच्या माणसाला दोनदा विचारलं. चहा फुंकून पितायत, तोवर कप न्यायला आले. घाईत जीभ भाजली. मी हसले. परवाशेठ कोटाची एकच बाही पुन्हा पुन्हा दाबत होते.

मग ताईंचा आवाज उतरला.

"तू म्हणालास उरकलेलं असेल, म्हणून मीच म्हटलं, उरकून टाका. नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबणार होते रे सगळे."

रागाचा लवलेश नव्हता, तेच वाईट. परवाशेठांचे कान लाल झाले. मला वाटलं, कोट अर्धवटच घेऊन पळावं. पण वाटेत ताईंची बॅग होती. चुकलं, असं काहीतरी ते पुटपुटले. ताईंनी शांतपणे विचारलं, चुकलं, की यायचंच नव्हतं?

"नव्हतं यायचं," ते म्हणाले. "तुला रडताना बघायची भीती वाटली. अंतराचं नाव पुढे केलं."

 ताई म्हणाल्या, "मला वाटायचं, जगाच्या टोकाला दिलंय मला."

आठवड्यानं त्यांना पोहोचवायला परवाशेठ स्वतः गेले. ऐन कामाच्या दिवशी दुकानाचं शटर खाली, आणि आम्ही गिऱ्हाइकं बाहेर कुरकुरत उभी. ते परतल्यावर चादर न्यायला गेले, तेव्हा मी सहज विचारलं, प्रवास कसा झाला.

"सकाळी निघालो आणि जेवणाच्या वेळेला तिच्या दारात होतो, वहिनी."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही मग चादरीची घालून ठेवलेली घडी मोडून पुन्हा घालत बसले.