भर रस्त्यात उभी गाडी

जॉर्जिया देशातून येऊन ब्रुकलिनमध्ये पावाची गाडी चालवणाऱ्या ओतारला बायकोनं बजावलं होतं, "नागरिकत्वाच्या मुलाखतीत विचारतील तेवढंच बोल. फार शहाणपणा नको." तरी खरं बोलायची शपथ घेतल्याबरोबर या गड्यानं पोलिसांनी फाडलेल्या दंडाच्या दोन पावत्या टेबलावर ठेवल्या.

"दोन्ही वेळा भर रस्त्यात गाडी थांबवलीत?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"समोरून अंत्ययात्रा चालली होती. आमच्याकडे गाडीतून उतरून उभं राहतात. मागचे हॉर्न वाजवून बोंबलत होते, बोंबलू दे."

"कोण वारलं होतं?"

"काय माहीत!"

बाई हसल्या. "बरं, पुन्हा नाही ना थांबणार?"

बायकोनं 'नाही'च म्हणायला शिकवलं होतं.

"बाई, आत्ताच तर शपथ घेतली. आता नाही कसं म्हणू?"