काठोकाठ भरलेला तांब्या

आमच्या सडक खात्यात खडी कधी वेळेवर पडली नाही, किस्से मात्र गाडीगाडीने पडत आले. त्यातले निम्मे एकट्या दाजीसाहेबांचे. दाजीसाहेब म्हणजे धारचे आमचे इंजिनियर आणि मी त्यांच्या हाताखालचा नकाशानवीस. परवा ते रिटायर झाले. निरोपाच्या सभेत जो उठला तो म्हणाला, "दाजीसाहेब फार मनमिळाऊ!"

मनमिळाऊ! ज्याला जन्मभर छळलं त्याला जाताना हे सर्टिफिकेट! माझं डोकं असं तापलं की हातातला पेढासुद्धा मी खाल्ला नाही. तेव्हा खरं काय ते ऐका.

*

नोकरीच्या सुरुवातीला दाजीसाहेब देवासला होते. तिथेच त्यांनी ती रीत पाडली. नवी सडक झाली की बैलगाडीत बसायचं, मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या धरायचा आणि सडकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. धोतर भिजलं की सडक नापास!

हाटपिपल्याच्या वाटेवर एक ठेकेदार गाडीबरोबर चालता चालता सारखा म्हणत होता, "साब, सड़क नी हे, मक्खन हे मक्खन!"

गाडी थांबली. दाजीसाहेब उतरले आणि त्याच्यासमोर धोतर पिळू लागले.

"भिया, तुमारा मक्खन तो पिघल गया. फिर से जमाओ!"

*

बदनावरचा ठेकेदार याच्यावर ताण. त्याने तांब्या स्वतःच भरून आणला, वर ओलं फडकं झाकून. गाडी नुसती उडत होती, पण तांब्यातून थेंब सांडेना! दाजीसाहेबांनी फडकं काढलं तर आत घट्ट कवडीचं दही.

"गरमी में खाली पानी नुकसान करता हे, साब!" ठेकेदार हात जोडून म्हणाला.

दाजीसाहेबांनी सगळं दही खाल्लं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "दही पास. अब पानी लाओ."

सडक अर्थातच नापास झाली. तर त्या बहाद्दराने वर अर्ज केला की इंजिनियर ठेकेदारांकडून खातो! आणि वरच्यांनी चौकशी लावली हो! तांब्याभर दह्याची चौकशी! खरे खाणारे चौकशीला बसले होते, ते वेगळंच.

*

दाजीसाहेबांच्या घरी काकू वेगळ्या वैतागलेल्या. एकदा मी नकाशा घेऊन गेलो तर मलाच ऐकवू लागल्या, "घरात एक तांब्या धड नाही बघा. सगळ्यांना पोचे! माहेरची माणसं आली की पाणी द्यायची लाज वाटते. देवपूजेचासुद्धा सोडला नाही यांनी!"

दाजीसाहेब आतून म्हणाले, "अहो, त्या पोच्यांनाच आमची सर्व्हिस म्हणतात."

*

एका बड्या जहागीरदारांना सडक आपल्या आमराईवरून हवी होती. तशी वळवली तर गावची एकुलती एक विहीर बुजणार. दाजीसाहेबांनी नाही म्हटलंच नाही.

"वळवतो की," म्हणाले. "फक्त विहीर बुजवताना आपण जातीने उभे राहा आणि बायकांना तेवढं समजावून सांगा."

जहागीरदार काही आले नाहीत. पण त्या वर्षी दाजीसाहेबांची बढती मात्र दुसऱ्याच कुणाच्या घरी गेली. आता सांगा, चीड येणार नाही तर काय!

*

आणि ही शेवटची सडक, धारहून तिरल्याला जाणारी. ठेकेदार कोण, तर आमच्या थोरल्या साहेबांचा मेहुणा. खाली मुरुमाऐवजी काळी माती आणि वर खडीचा नुसता शिडकावा. पहिल्याच पावसात बैलांचे पाय मोडणार, गाड्या उलटणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. दाजीसाहेबांनी ती पास करायला साफ नकार दिला.

"राहू द्या," थोरले साहेब म्हणाले. "तुम्ही घरी बसलात की नवे इंजिनियर करतील."

तेच थोरले साहेब परवाच्या सभेत सगळ्यांत जास्त वेळ बोलले. वर आपल्या हाताने चांदीचा तांब्या भेट दिला! "यांच्या तांब्याची फार ख्याती आहे," म्हणाले, आणि सभा खो खो हसली. मला तर रडूच यायचं बाकी होतं. दाजीसाहेबांनी मात्र शिपायाला बोलावून तांब्या शांतपणे भरून घेतला.

रिटायर होणाऱ्याला साहेबांनी स्वतः बग्गीतून घरी पोचवायचं, अशी आमच्याकडे रीत. दाजीसाहेबांचं घर याच तिरल्याच्या सडकेवर. बग्गीत दाजीसाहेब, शेजारी जरीच्या अंगरख्यात थोरले साहेब, समोर मेहुणा आणि नवे इंजिनियर. मी मागे पायरीवर उभा.

बग्गी निघाली तसे दाजीसाहेब अदबीने म्हणाले, "साहेब, हे हार जरा सावरतो. तेवढा तांब्या धरता?"

साहेबांनी मांडीवर धरला. हार घरापर्यंत काही सावरून झाले नाहीत.

बग्गी थांबली तेव्हा साहेबांचा अंगरखा पोटापासून गुडघ्यापर्यंत चिंब होता. नवे इंजिनियर चष्मा पुसत होते. मेहुणा आभाळाकडे बघत होता. दाजीसाहेब खाली उतरले, साहेबांच्या हातून तांब्या घेतला आणि उलटा केला. आत थेंब नव्हता.

"साहेब, आपल्याला परत याच सडकेने जायचंय," दाजीसाहेब म्हणाले. "भरून देऊ?"

साहेबांनी बग्गी रिकामीच पाठवली आणि मेहुण्याला घेऊन पायी निघाले. दर खड्ड्यापाशी थांबत होते.