गाळातली पिवळी पिशवी

गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात तिचं पात्र आटलं की वडील बैलगाडी जुंपून गाळ आणायला जायचे. ढेकूळ तळहातावर फोडून बघायचे आणि मनाजोगा निघाला तरच गाडी भरायचे. आमच्या मुरमाड रानाला गाळासारखं दुसरं औषध नाही, असं त्यांचं मत. पुढं दम्यानं त्यांना घरात कोंडून घातलं. खिडकी लावली तरी त्यांचा जीव घाबरा व्हायचा. मला वाहत्या पाण्यात मोकळं सोडा, एवढंच ते माझ्या मायला सांगून गेले.

राख सावडल्यावर मायनं अस्थी त्यांच्याच धोतराच्या तुकड्यात बांधल्या. मोटारसायकलवर राख उडू नये म्हणून ते गाठोडं बियाण्याच्या दुकानातल्या पिवळ्या पिशवीत घातलं आणि वरून गाठ मारली. तिची गाठ ओळखू येते. दोनदा पीळ देऊन टोक आत खोवलेलं असतं, रानात भाकरी न्यायची असली की मारते तशी.

काठावर गाठ सोडायची आणि अस्थी ओंजळीनं पाण्यात सोडायच्या, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पाणी वाहत नव्हतंच. घाटाखाली हिरवट डबकं, गुडघाभर चिखल आणि नाकात बसणारा वास. भाऊबंद वर झाडाखाली थांबले होते. मला किळस आली. मी पायरीवरूनच पिशवी भिरकावली आणि ती बुडाली. घरी आल्यावर मायनं विचारलं, गाठ सोडलीस ना? मी हो म्हणालो.

दोन वर्षांनी, म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात, पात्र पार कोरडं पडलं. घाटाखालीच जेसीबी लावून गाळ उपसणं सुरू झालं. मीही दोन ट्रॉल्या सांगितल्या आणि बघायला गेलो. खड्ड्याची कड माणसापेक्षा उंच कापली गेली होती आणि तिच्यात थर सरळ दिसत होते. तळाला नुसता काळा, मऊ गाळ. त्याच्यावर खापराचे तुकडे, मग काचेच्या बांगड्या. त्याच्यावर फवारणीच्या बाटल्या. आणि वरच्या दोन हातांत प्लॅस्टिकच्या पन्न्याच पन्न्या. गुटख्याच्या पुड्या, फोटोच्या चौकटी, गाठीसकट फेकलेलं निर्माल्य. खालच्या थरांत जुन्या लोकांनी टाकलेलं निम्मंअर्धं तरी मातीनं पचवलं होतं. आमचं तिला काहीच पचत नव्हतं.

मी शाळामास्तर, त्यामुळं गप्प बसवलं नाही. ट्रॅक्टरवाल्यापुढं लोकांचा उद्धार केला. गंगामाय म्हणायचं आणि तिच्याच अंगावर कचरा टाकायचा, यांना लाजा कशा नाहीत म्हणालो. तो बिचारा मान हलवत राहिला.

ट्रॉली रानात पालथी झाली. माय गाळातल्या पन्न्या वेचायला बसली. मी बांधावरून तिच्याजवळ गेलो तेव्हा तिच्या मांडीवर पिवळी पिशवी होती. रंग विटला होता, कापसाच्या बोंडाचं चित्र अर्धं पुसलं होतं. गाठ जशीच्या तशी होती.

"गाठ माझी हाय," ती म्हणाली.

लाज वाटली असं लिहिणं सोपं आहे. खरं तर मला तिथून पळून जावंसं वाटलं. दे, मी आत्ता गंगेत सोडून येतो, असं काहीतरी पुटपुटलो.

"कुठल्या पाण्यात? अन् दोन वर्सं त्यायला कोंडून ठिवलंस की रे."

तिनं नखांनी गाठ सोडवली. फार वेळ लागला. आत धोतराच्या चिंध्या झाल्या होत्या आणि राखेचा घट्ट गोळा झाला होता. तो तिनं तळहातावर फोडला, वडील ढेकूळ फोडायचे तसा, आणि मूठमूठ नव्या गाळावर पसरत बांधापर्यंत गेली. मी हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला.

त्यावर ती पुन्हा काही बोललेली नाही. वेळेवर जेवायला वाढते, तब्येतीचं विचारते. फक्त एखादं काम सांगितलं, तर ते झालं का, हे आता मला विचारत नाही. स्वतः जाऊन बघून येते.