मिस्त्रीच्या कानातलं पाणी

मिस्त्री डोळ्यांनी मशीन बघायचाच नाही. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगावर टेकवायचा, लाकडी मूठ डाव्या कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "बेअरिंग गेलं." म्हणजे गेलंच. सगळी पेठ त्याला कानमिस्त्री म्हणायची, आणि त्यालाही ते नाव बापानं ठेवलेल्या नावापेक्षा प्यारं होतं.

त्या कानमिस्त्रीला सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना डावा कान बंद करून गेली. डोकं मडक्यात घातल्यासारखं वाटायचं. बाहेरचा आवाज लांबून यायचा, आणि स्वतः शेंगदाणा चावला तर खडी फोडतायत असा दणका. शेजारच्या काकूंनी तेल कोमट करून आणलं, थोरल्या मेव्हण्यानं कानात धुरी घ्यायला सांगितलं, आणि मिस्त्री स्वतः बारीक तार वाकवायला बसला. बायको कपडे शिवायची. तिनं हातातली कात्री खाली ठेवली आणि तार हिसकावून घेतली.

"अहो, कान आहे तो, कार्ब्युरेटर नाही! चला डॉक्टरकडे."

डॉक्टरीणबाईंनी कानात बत्ती मारली. "पडद्यामागं पाणी साचलंय. वरून तेल ओतून तिथं पोचणार नाही, आणि काडी-तार तर घालायचीच नाही. नाक जोरात शिंकरू नका. झोपताना डोकं उंच ठेवा, जांभया द्या, गिळत राहा, दडपण वाटलं तर कोमट फडका धरा. बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरतं. ताप आला, ठणका लागला, कान वाहिला, गरगरलं तर लगेच या. नाही उतरलं तरी या, नाक-घसाही तपासू."

"नुसतं बसून राहायचं? पाणी सोडायला खाली एखादा नट असेलच की, बाई!"

"आहे ना, नाकामागं नळी उघडते. सध्या सुजलीय. तिला पाना चालत नाही."

मिस्त्री घरी येऊन दिवसभर आ वासून बसू लागला. घरात येणाराजाणारा त्याला बघून जांभया द्यायचा. त्याचा कान तेवढा उघडेना.

अशात गिरणीवाल्याचा निरोप आला. मोटार तापतेय, ऐकून जा.

"सांगा त्याला, कान बंद आहे म्हणून," बायको म्हणाली.

"खुळी का काय? कानमिस्त्रीचा कान बंद, हे पेठेत कळलं तर उद्या माझ्याकडे कुत्रं येणार नाही!"

गिरणीत दळणाचे डबे रांगेनं मांडलेले. मिस्त्रीनं नेहमीच्या ऐटीत मूठ डाव्या हाडाला लावली आणि दचकलाच. आत नुसता गडगडाट! "गेलं! चक्काचूर झालाय आतमध्ये. खोल!"

"आवाज तर रोजचाच वाटतोय रे," गिरणीवाला चाचरला.

"कान तुझा का माझा?"

गिरणी बंद झाली, बायका डबे उचलून कुरकुरत गेल्या. मोटार उघडली तर बेअरिंग ग्रीसमध्ये चकाकत बसलेलं. गिरणीवाल्यानं ते बोटावर फिरवलं. लोण्यासारखं फिरलं.

"हे गेलेलं? मग नवं कसं असतं ते तरी दाखव!"

मिस्त्री मान खाली घालून घरी आला. धंदा संपला असं त्यानं मनात धरलं. सवयीनं स्क्रूड्रायव्हर बायकोच्या चालू शिलाई मशीनला लावला. "हेही गेलं."

"सकाळीच तेल दिलंय मी!" तिनं स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि त्याचं डोकं धरून उलट्या बाजूला फिरवलं. "आता इकडून ऐका."

उजव्या कानाला मशीन गुपचूप, गोड चालत होतं.

तिनं त्याला तसाच डॉक्टरीणबाईंकडे नेला. बाई हसल्या. "पाणी साचलं की हवेतून येणारा आवाज अडतो. पण हाडातून येणारा त्याच कानात उलट मोठा वाटतो. मशीन धडधाकट आहे, मिस्त्री. आणि पाणी उतरलं की तुमचा कानही."

आता गिरणीवाल्याला खरं सांगायचं होतं, आणि मिस्त्रीचे पाय उचलेनात. बायकोनं चपला पुढ्यात आणून ठेवल्या. गेला बिचारा. मोटार परत जोडून गिरणी पुन्हा सुरू झाली होती. सगळं सांगितलं.

गिरणीवाला पोट धरून हसला. "म्हणजे सर्दी तुला, आणि फाडलीस माझी मोटार!" मग त्याला जोर चढला. आज्याच्या कानाची गोष्ट काढली, ती संपेना. मिस्त्रीला जांभई आली, अशी मोठी, की जबडा निखळावा. कानात टक् झालं.

आणि जग भसकन आत आलं. जातं, डबे, रांगेतल्या बायकांची भांडणं, आणि त्या सगळ्यात एक बारीक चिरचिर.

"पट्टा!" मिस्त्री ओरडला. "पट्टा ढिला पडून घसरतोय, त्यानं तापतंय सगळं!"

"ती चिरचिर होय? ती तर कधीची आहे," रांगेतली एक बाई म्हणाली.

गिरणीवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "पट्ट्याचं बघू. बेअरिंग नक्की चांगलंय ना? आणि कुठल्या कानानं सांगतोयस?"

मिस्त्रीनं आधी उजव्या बाजूनं ऐकलं, मग डावीकडून. दोन्हीकडे सारखंच. मग जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. स्क्रूड्रायव्हर दुसऱ्याच्या हातात दिला. "घे, तूच ऐक."

गिरणीवाल्यानं मूठ कानामागं लावली, डोळे मिटले, तोंड थेट मिस्त्रीसारखं गंभीर केलं.

"बेअरिंग गेलं," तो म्हणाला.

मिस्त्रीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. नाक लाल होतं.

"सर्दी कधीपासून आहे तुला?"